पोपच्या देवळात मराठीची पाटी

जगातला सगळ्यात छोटा देश पाहायला सगळ्यात जास्त कागद लागतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी आईला पिनरच्याच चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावायला सांगून विषय मिटवला असता. पण आमच्याकडे आधी कुणी काही सांगत नाही. सगळं नंतर कळतं, तिकिटं काढून झाल्यावर.

मी मूळची वसईची. आमच्या वाडीत सगळे कॅथलिक. घरात बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. नर्स होऊन इंग्लंडला आले त्याला बावीस वर्षं झाली. वडील गेल्यापासून आई दर उन्हाळ्यात माझ्याकडे, लंडनच्या टोकाला पिनरला, येते, व्हिजिटर व्हिसावर, आणि सहा महिने व्हायच्या आत परत जाते. वय एक्याऐंशी. गुडघे कामातून गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एका सकाळी पुढच्या महिन्याच्या ड्यूट्यांचा रोटा घेऊन बसले होते. कुठल्या आठवड्यात रजा मिळेल याची जुळवाजुळव चालली होती. आई समोर टोस्ट चहात बुडवत म्हणाली, "मला एकदा पोपच्या देवळात ने."

"पोपला बघायचंय?"

"पोपला बघून काय करू? टीव्हीवर दिसतो की. मला तिथे कन्फेशन करायचंय."

कन्फेशन म्हणजे फादरच्या जाळीपाशी गुडघे टेकून आपली पापं सांगायची आणि माफी घ्यायची. आई हे गावात दर महिन्याला करते. तिची पापं काय असणार? शेजारणीचा राग आला, शुक्रवारी चुकून मटण खाल्लं, मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेच्या वेळी डुलकी लागली. मी म्हटलं, "त्यासाठी रोमला जायचं? गावातले फादर काय संपावर आहेत?"

"एक जुनं पाप आहे," आई म्हणाली. "ते मी गावात कधी सांगितलं नाही. ते घेऊन मला मरायचं नाही."

हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की माझ्या हातातलं पेन थांबलं. मी विचारलं, "कसलं पाप?"

"तू फादर आहेस?"

झालं. पुढे एक शब्द नाही. गावात का नाही सांगितलं, एवढं मात्र तिने सांगितलं. आमच्याकडे घराघरातून एक तरी फादर निघतो, तसा तिचा धाकटा दीर, म्हणजे माझे काका, फादर. आजूबाजूच्या सगळ्या देवळांतले फादर एकतर त्यांच्या वर्गातले, नाहीतर त्यांच्या हाताखालचे. सगळे कधी ना कधी आमच्या घरी जेवून गेलेले. मी म्हटलं, "अगं, कन्फेशनमधलं ते बाहेर कुणाला सांगत नाहीत. जीव गेला तरी सांगत नाहीत."

"तोंड बंद असतं गं त्यांचं. डोळे बंद असतात का? दुसऱ्या दिवशी पानात वाढताना डोळ्यांत दिसतं."

वाडीतली एक बाई टूरबरोबर रोमला जाऊन आली होती. तिने आईच्या डोक्यात भरवून दिलं होतं की तिथे देवळात रांगेने लाकडी खोपटी आहेत, प्रत्येकात एक फादर, आणि वर भाषेची पाटी. जगातल्या सगळ्या भाषा. आईचा हिशेब सोपा होता: मुंबईत मराठी मिस्सा होते, मग पोपच्या देवळात मराठीची पाटी नसेल? आणि तिथल्या फादरला आमची वाडी कुठली माहीत असायला!

खरं तर तेव्हाच मी फोन उघडून बघायला हवं होतं, मराठीची पाटी आहे का ते. नाही बघितलं. त्यानंतर दोन वर्षं मी हजार गोष्टी बघितल्या, तेवढी एक सोडून.

पहिलं घोडं अडलं व्हिसावर. मला वाटलं, व्हॅटिकन स्वतंत्र देश आहे, त्यांचा झेंडा आहे, पोस्टाचं तिकीट आहे, म्हणजे व्हिसाही ते देत असणार. आमच्या वॉर्डवरच्या दोन शिकलेल्या माणसांनीही मान डोलावली. ते व्हिसा देतच नाहीत! त्या देशाच्या चारही बाजूंना इटली. इटलीत पाऊल टाकल्याशिवाय तिथे जाता येत नाही, म्हणजे व्हिसा इटलीचा. बरं, इटलीचा तर इटलीचा. फॉर्म भरला, फोटो काढले, विमा काढला, बँकेचे कागद जोडले, रजा टाकून आईला मेट्रोपॉलिटन लाइनने मध्य लंडनच्या व्हिसा ऑफिसात नेलं. खिडकीतल्या पोरीने आईचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि गोड हसून सांगितलं की या इथे पाहुण्या आहेत, पाहुण्यांना इथून अर्ज करता येत नाही, यांनी आपल्या देशात जाऊन अर्ज करावा.

मी म्हटलं, "रोम इथून अडीच तासांवर आहे."

ती म्हणाली, "हो, मला माहीत आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये मी कागद पुन्हा पुन्हा फाइलमध्ये खुपसत होते. आई म्हणाली, "चिडू नकोस, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल." मला देवाच्या मनाचं काही नव्हतं. माझी एक दिवसाची रजा गेली होती आणि मार्चपर्यंत दुसरी मिळणार नव्हती. मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हटलं.

पुढचा उन्हाळा मुंबईत अर्जाची तारीख मिळण्यातच गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आई तिथून इटलीचा व्हिसा काढूनच आली. तो तिला मिळाला याचं सगळं श्रेय माझ्या भावाला, कारण एजंट त्याचा. तो अजून ऐकवतो. मी ल्यूटन विमानतळावरून स्वस्तातली तिकिटं काढली, तीन दिवसांची. व्हीलचेअर असिस्टन्स बुक केला. आईने विमानतळावर व्हीलचेअर बघितली आणि म्हणाली, "मी काय लुळी आहे?" चेअर घेऊन आलेला माणूस बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी दात आवळून म्हटलं, "आई, बस." ती म्हणाली, "नाही बसत." मग आम्ही चालत गेलो, शंभर पावलांमागे एक थांबा घेत, आणि गेट बंद व्हायला चार मिनिटं असताना पोचलो. मला घाम फुटला होता. आई म्हणाली, "बघ, पोचलो की नाही?"

इथे एक गोष्ट कबूल करते. वॉर्डमध्ये माझी ख्याती आहे, शांत म्हणून. ऐंशी-नव्वद वर्षांच्या गोऱ्या आज्या माझा हात सोडत नाहीत. त्यातल्या एकीने मला सकाळपासून सतरा वेळा विचारलं की आज वार कोणता, तर मी सतरा वेळा सांगते, हसून. आणि घरी आईने दुसऱ्यांदा विचारलं की बॉयलर कसा लावायचा, तर माझा आवाज असा चढतो की मलाच ऐकवत नाही. म्हणून मी आवाज चढू देत नाही. दातांवर दात ठेवून, एकेक शब्द सुटा करून बोलते. मला वाटायचं, ही माझी सुधारणा आहे.

रोममध्ये पोचल्यावर हॉटेलच्या खोलीत मी शेवटी फोनवर बघितलं. कन्फेशनच्या वेळा मिळाल्या, भाषा मिळाल्या. इटालियन, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, पोलिश, अजून कितीतरी. मराठी नाही. हिंदीसुद्धा दिसेना. आई बाजूच्या पलंगावर माळ हातात घेऊन बसली होती आणि उद्या कुठली साडी नेसू विचारत होती. मी मनात म्हटलं, कपाळ माझं!

तिला सांगायचा धीर झाला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन फोनाफोनी सुरू केली. वसईतल्या एका मैत्रिणीकडून कळलं की आमच्या भागातलेच एक तरुण फादर रोममध्ये शिकायला आहेत. अर्ध्या तासात त्यांचा नंबर आला, पंधरा मिनिटांत त्यांचा मेसेज आला: मावशींना अवश्य भेटतो, उद्या दहा वाजता चौकात, मधल्या उंच खांबापाशी, कन्फेशनही तिथेच कुठेतरी शांतपणे उरकू. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये एकटीच हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं झालं होतं. सकाळी सरप्राइज द्यायचं म्हणून आईला काही बोलले नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी साडेनऊला आम्ही त्या चौकाशी पोचलो. रस्ता आणि चौक यांच्यामध्ये जमिनीवर एक पांढरी रेघ आहे, तीच त्या देशाची हद्द. शिक्का नाही, पोलीस नाही, कुणी विचारत नाही. जिच्यासाठी मी दोन वर्षं कागद गोळा केले ती ही रेघ, आणि तिच्यावर एक कबूतर बसलं होतं. आईने रेघेपाशी थांबून क्रूसाची खूण केली आणि उजवं पाऊल आत टाकलं, नव्या सुनेसारखं. मी म्हटलं, "चल, चल, रांग वाढतेय."

खांबापाशी ते फादर उभे होते. तिशीतले, गोरेपान, पाठीला सॅक. आईने कॉलर बघितली, मग चेहरा बघितला. मी थाटात म्हटलं, "आई, हे आपल्याकडचे फादर आहेत. तुझ्यासाठी मुद्दाम आलेत. मराठीतून कन्फेशन!"

आईचा चेहरा पांढरा पडला. फादरनी वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडची माणसं पहिला प्रश्न विचारतात तोच विचारला, "मावशी, कुठल्या वाडीच्या?"

आईच्या ऐवजी मी मूर्खासारखी वाडी सांगितली. घरही सांगितलं.

"अरे देवा!" फादर आनंदाने ओरडलेच. "म्हणजे ते फादर तुमचे दीर? अहो मावशी, त्यांनी मला सेमिनरीत शिकवलंय! माझ्या दीक्षेच्या वेळी तेच होते. परवाच फोन झाला आमचा. आता सांगतोच त्यांना, मावशी पोपच्या दारात भेटल्या म्हणून!"

"सांगा हं," आई म्हणाली. आवाज एवढासा. मग तिने पदर सावरला आणि म्हणाली, "पण फादर, कन्फेशनचं हिचं काहीतरी भलतंच. माझं काही पाप नाही. मागच्याच आठवड्यात केलं मी, हिच्या देवळात."

हिच्या देवळात तिने काही केलं नव्हतं. पोपच्या दारात उभं राहून ती एका फादरशी खोटं बोलली, आणि माझा संताप असा उसळला की मला दोघांकडे बघवेना. फादर भला माणूस. थोडं हसले, आईचा हात हातात घेतला, आम्हाला सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत सोडलं, आईच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि वर्ग आहे म्हणून गेले.

ते गेल्यावर मी सुरू झाले. "आई, मी काय वेडी आहे? दोन वर्षं! दोन वर्षं मी तुझ्यासाठी लोकांच्या खिडक्यांपुढे उभी राहतेय. मराठी फादर हवा म्हणालीस, आणून उभा केला. आता काय?"

"आपल्याकडचा कशाला आणलास?"

"मग मराठी फादर काय फ्रान्समधला असणार?"

पुढच्या बाईने मागे वळून बघितलं. आई खाली बघत होती. मग मी सगळंच सांगून टाकलं, की आत मराठीची पाटी नाही, कधी नव्हती, त्या टूरवाल्या बाईने लोणकढी थाप मारलीय. हे मी हळू सांगू शकले असते. नाही सांगितलं. उन्हात पाऊण तास रांगेत उभं राहून माझं डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगताना बरं वाटलं.

आई म्हणाली, "बरं." रांग एक पाऊल सरकल्यावर म्हणाली, "आत तरी जाऊ या."

आत गेलो. त्या देवळाचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी केलंय त्यांनी निवांतपणे बघितलं असेल. मी घड्याळाकडे बघत होते. आई मात्र मान वर करून बघत राहिली. मग चालत चालत ती एका बाजूला गेली, जिथे ती लाकडी खोपटी होती. टूरवाली बाई एवढं खरं बोलली होती: रांगेने होती, आणि वर पाट्या होत्या. आई प्रत्येकीपाशी थांबून पाटीकडे बघत होती. तिला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. तरी ती बघत होती.

मी मागून जाऊन म्हटलं, "मी आत येते तुझ्याबरोबर. तू सांग, मी इंग्रजीत सांगते. तसं चालतं, मी विचारलंय. भाषांतर करणाऱ्यावरही गुपिताचं बंधन असतं."

"तुझ्यासमोर?" आई म्हणाली. "तुझ्यासमोर तर नाहीच."

हे मला लागलं. मी म्हटलं, "मग कर तुला काय करायचं ते."

तिने केलं. शेवटच्या खोपटात एक म्हातारे फादर बसले होते, काळा झगा, पांढरी दाढी, कानाला मशीन. पाटीवर तीन भाषा, त्यांतली एकही आईची नाही. आईने कठडा धरला, एक गुडघा टेकवला, मग दुसरा. मला दहा फुटांवरून तिच्या तोंडचं "आई गं" ऐकू आलं. फादरनी काहीतरी विचारलं. आईने मान हलवली आणि बोलायला सुरुवात केली. आमच्या वाडीतल्या बोलीत, जी पुण्याच्या माणसालाही धड कळत नाही.

फादरनी हात वर करून तिला थांबवायला बघितलं. आई थांबली नाही. त्यांनी बाहेर डोकावून कुणाला तरी शोधलं, बहुधा मलाच. मी खांबाकडे तोंड फिरवलं. चुकलं माझं, पण फिरवलं. परत बघितलं तेव्हा त्यांचा हात खाली आला होता. त्यांनी कानातलं मशीन जरा सारखं केलं आणि कान जाळीला लावला.

वीस मिनिटं. आईच्या मागे माणसं जमायला लागली. एकाने घड्याळ बघितलं, एकीने सुस्कारा टाकला. मला प्रत्येकाची माफी मागावीशी वाटत होती आणि प्रत्येकाला एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती. ते म्हातारे फादर हलले नाहीत. शेवटी त्यांनी हात उचलून हवेत क्रूस काढला, आणि मग, बोटं. तीन बोटं. आईने उठता उठता स्वतःची तीन बोटं वर करून विचारलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हटलं, "आवे मारिया." म्हणजे आमची नमो मारिया, प्रायश्चित्त म्हणून म्हणायची प्रार्थना.

मी तिला उठवायला धावले. वाटलं, रडत असेल. आई लालबुंद झाली होती, रागाने.

"तीन?" ती म्हणाली. "तीन नमो मारिया? एवढ्याला तीन? शेजारणीशी भांडले तर गावात पाच देतात!"

"अगं, त्यांना कळलंच नाही काही."

"तेच म्हणते मी!"

मग ती तिथेच एका बाकावर बसली आणि तिने तीन म्हटल्या नाहीत, पूर्ण माळ म्हटली, पन्नास. मग दुसरी घेतली. मी घड्याळ बघत होते. त्या दिवशी छतावरच्या चित्रांचं ते प्रसिद्ध चॅपल बघायचं आमचं ऑनलाइन बुकिंग दीडचं होतं. ते हुकलं. मी म्हटलं, "काही हरकत नाही." एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

ल्यूटनला उतरलो तेव्हा पाऊस होता. घरी आलो, कपडे धुतले, दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेले. आठवडाभर आई त्या विषयावर बोलली नाही. मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. रविवारी दुपारी मी चहा टाकत होते, ती किचनमधल्या टेबलाशी वाटाणे सोलत होती, आणि माझ्या तोंडून गेलं, "मग? झालं का समाधान? गेलं का ते पाप?"

टोमणाच होता. आईने तो टोमणा म्हणून घेतला नाही.

"देवाकडून गेलं असेल," ती म्हणाली. "फादरने क्रूस काढला म्हणजे गेलंच. पण माझ्याकडून नाही गेलं. कुणालातरी कळायला हवं होतं, असं वाटतंय आता." मग तिने वाटाण्यांवरची नजर न उचलता सांगितलं.

माझी आजी, आईची सासू, दोन वर्षं अंथरुणात होती. मी तेव्हा सहा वर्षांची. घरात आई एकटी, सासरे नाहीत, माझे वडील दिवसभर मुंबईला कामाला, दीर फादर व्हायला सेमिनरीत. आजी सारख्या हाका मारायची. पाणी दे, कूस वळव, उजेड कर, उजेड बंद कर. एका दुपारी आई ओट्यावर मोगरा ओवत होती, दादरच्या गाडीला द्यायचा होता. आजीने हाक मारली.

"मी ऐकली," आई म्हणाली. "मी ठरवलं, ही फुलांची पाटी संपेपर्यंत उठायचं नाही. ती मारत राहिली, मी ओवत राहिले. मुद्दाम. मग हाका थांबल्या, आणि मला बरं वाटलं गं. म्हटलं, गप्प झाली एकदाची. पाटी संपवूनच आत गेले."

चहा उकळून वर आला. मी गॅस बारीक केला.

"फादर आला नाही, मरणाऱ्याला लावतात ते तेल लावलं नाही, कुणी प्रार्थना म्हटली नाही. एकटी गेली. आणि मी सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. तुझे काका अजून सांगतात, माझी आई झोपेत गेली, पुण्यवान होती. गेल्या वर्षी मिस्सेतसुद्धा सांगितलं. मी पुढच्याच बाकावर होते."

मी नर्स आहे. मला काय बोलायचं ते येतं. मी म्हटलं, "आई, तू दमली होतीस. दोन वर्षं एकटीने केलंस. आणि तू गेली असतीस तरी ती गेलीच असती." वॉर्डमध्ये मी हेच बोलते, याच आवाजात.

"ते माहीत आहे मला," आई म्हणाली. "मरण माझ्यामुळे आलं असं मी म्हणतच नाही. त्याचं पाप नाही ते. दोन वर्षं मी तिच्याशी कशी बोलायचे, त्याचं आहे. शिवी नाही दिली कधी. आवाज नाही चढवला. दात आवळून बोलायचे, एकेक शब्द तोडून. मला वाटायचं, मी चांगलीच वागतेय. म्हातारीला काय कळतंय."

तिने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले.

"कळतं गं. सगळं कळतं. इथे यायला लागले तेव्हा मला कळलं की तिला कळत होतं. म्हणून तर रोमला जायचं होतं."

मी गॅस बंद केला. तिने आरोप केला असता तर मी भांडले असते. तिने आरोप केलाच नव्हता, ती स्वतःचं पाप सांगत होती.

"तुला कधीपासून कळतंय?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी हीथ्रोला घ्यायला आलीस ना," आई म्हणाली, "तेव्हापासून."